सिंगापूर : चार रात्री, सोबत पाच आणि सव्वादोन वर्षांची मुलं. कसं बसवावं?

शेवंती

मुंबईहून सिंगापूरला चार रात्रींसाठी जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगा ५ वर्षांचा (उंची १०८ सेंमी), मुलगी सव्वादोन वर्षांची (८६ सेंमी). सगळे शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुलगी दुपारी दीड-दोन तास झोपते आणि ती झोप चुकली की संध्याकाळ हातची जाते. रात्रीचं विमान आहे, सकाळी साडेसातला पोहोचतं.

हॉटेल कुठल्या भागात घ्यावं? स्ट्रोलर न्यावा का, आणि टॅक्सीत मुलांच्या सीटचं काय? प्राणिसंग्रहालय आणि नाइट सफारी एकाच दिवशी जमेल का? युनिव्हर्सल स्टुडिओज (थीम पार्क) ठेवावं की गाळावं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

पाऊलखुणा

हॉटेल लिटिल इंडिया स्टेशनच्या पाचेक मिनिटांत घ्या. देशी जेवण तिथे मिळतं हे खरंच, पण खरं कारण नकाशावर दिसतं. या स्टेशनवर निळी डाउनटाउन लाइन आणि जांभळी नॉर्थ ईस्ट लाइन दोन्ही येतात. निळ्या लाइनने बेफ्रंट (गार्डन्स बाय द बे) चौथं स्टेशन. उलट दिशेला बोटॅनिक गार्डन्स तिसरं. जांभळ्या लाइनने हार्बरफ्रंट (सेंटोसा बेटाचं दार) गाडी न बदलता. मंडाईच्या प्राणिसंग्रहालयासाठी न्यूटनला लाल लाइन पकडून खातिब, म्हणजे एकच बदल. झोपलेलं मूल खांद्यावर असताना गाडी बदलावी लागणं हाच सगळ्यात मोठा त्रास असतो, आणि तो इथे जवळपास संपतो.

खोली घेताना दोन गोष्टी तपासा. या भागातल्या स्वस्त खोल्यांना कधीकधी खिडकीच नसते, तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुसरं, बुकिंग करताना मुलांची वयं खरी टाका. दोन मोठ्यांची खोली घेऊन चौघं उभे राहिलात तर जास्तीची खोली घ्यायला सांगू शकतात.

आता वेळेचं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. चार दिवसांसाठी मुलांचं घड्याळ बदलायला जाऊ नका, ते जवळजवळ भारतीय वेळेवरच राहू द्या. मुलगी घरी दीडला झोपत असेल तर तिथे ती चारला झोपेल. म्हणून सकाळी दहाला बाहेर पडा, साडेतीनला हॉटेलवर परत या, सहापर्यंत झोप, साडेसहाला पुन्हा बाहेर. रात्री दहाला परतलात तरी मुलांच्या शरीराला ते साडेसातच वाटतात. शिवाय तिथल्या गडगडाटी सरी बहुतेक दुपारीच येतात, तेव्हा तुम्ही आत असता. सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे साडेसहाचं बाहेर पडणं उन्हातही सापडत नाही.

याची दुसरी बाजू पहिल्या दिवशी दिसेल. साडेसातला उतरता तेव्हा मुलांच्या पोटात पहाटेचे पाच वाजलेले असतात आणि खोली मिळते दुपारी दोन-तीनला. त्या दिवसाचं एकही तिकीट आधी काढू नका. सामान हॉटेलवर टाका आणि बोटॅनिक गार्डन्समधल्या जेकब बॅलस चिल्ड्रन्स गार्डनला जा. फुकट आहे, पाण्यात खेळायची जागा आहे, सावली भरपूर. फक्त सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवारी उतरणारं विमान टाळलेलं बरं.

---

काटेकोर

टॅक्सी आणि स्ट्रोलरचं मी सांगतो.

तिथला कायदा असा : १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या प्रत्येकाला गाडीत योग्य चाइल्ड सीट किंवा बूस्टर हवा. तुमची दोन्ही मुलं त्यात येतात. नेहमीच्या टॅक्सींना (छतावर टॅक्सीचा दिवा असलेल्या) यातून सूट आहे, पण ॲपवरून येणाऱ्या खाजगी गाड्यांना नाही. गोंधळ होतो तो इथेच. ग्रॅबवर (तिथलं गाडी मागवायचं ॲप) ‘जस्टग्रॅब’ निवडलं तर टॅक्सीही येऊ शकते आणि खाजगी गाडीही. खाजगी आली आणि सीट नसेल तर चालक तुम्हाला घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे, दंड त्याला होतो. म्हणून मुलांबरोबर एकतर टॅक्सी स्टँडवर उभे राहा किंवा ॲपमध्ये फक्त टॅक्सीचा पर्याय निवडा. ‘ग्रॅबफॅमिली’त सीट असलेली गाडी मिळते, पण वयोगट बघून मागवावी लागते. कायद्याने सूट असली तरी मुलीला पुढच्या सीटवर मांडीत घेऊ नका. मागे, तुमच्या शेजारी बसवा. मुलासाठी फुगवायचा किंवा घडीचा बूस्टर नेलात तर उत्तम. मध्यरात्री बारा ते सकाळी सहापर्यंत टॅक्सीच्या मीटरवर ५० टक्के अधिभार लागतो.

मेट्रोत ०.९ मीटरच्या आतलं मूल मोठ्यांबरोबर फुकट. म्हणजे मुलीचा प्रश्न नाही. मुलगा ०.९ च्या वर पण सात वर्षांच्या आत, त्याच्यासाठी मोफत चाइल्ड कन्सेशन कार्ड मिळतं. स्टेशनवरच्या सिंप्लीगो तिकीट ऑफिसात त्याचा पासपोर्ट दाखवा. मोठ्यांना वेगळं कार्ड काढायची गरज नाही, काँटॅक्टलेस डेबिट-क्रेडिट कार्ड थेट गेटवर टेकवता येतं. मात्र एका कार्डावर एकच माणूस, आणि आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना. भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचे आंतरराष्ट्रीय आणि टॅप व्यवहार चालू करून ठेवा. बहुतेकांचं गेट उघडत नाही ते यामुळेच.

स्ट्रोलर जरूर न्या, पण छत्रीसारखा घडी होणारा हलका. स्टेशनांवर लिफ्ट आहेत आणि बसमध्येही उघडा स्ट्रोलर चालतो (व्हीलचेअरच्या जागेत, ब्रेक लावून). सरकत्या जिन्यावर चढवू नका. सोबत प्लास्टिकचं पावसाळी कव्हर घ्या, आणि त्यात मूल गुदमरणार नाही इतकी हवा खेळती ठेवा, उकाडा फार असतो.

मेट्रोत खाणंपिणं मना आहे, पाण्याचा घोटसुद्धा. दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत. मुलांना गेटच्या बाहेरच पाजून-भरवून घ्या.

---

शेवंती

दोघांचे मनापासून आभार. चारच्या झोपेचं डोक्यातच आलं नव्हतं. मंडाई आणि युनिव्हर्सलबद्दल कोणी सांगेल का?

---

रानवारा

प्राणिसंग्रहालय आणि नाइट सफारी एकाच दिवशी करू नका. प्राणिसंग्रहालय संध्याकाळी सहाला बंद होतं, नाइट सफारी सव्वासातला उघडते. मधल्या वेळेत थकलेली मुलं घेऊन बसायचं कुठे? आणि मुलीची झोप त्या दिवशी गेलीच समजा.

प्राणिसंग्रहालय साडेआठला उघडतं. खातिब स्टेशनहून मंडाईची शटल बस सुटते. एवढा एकच दिवस थोडं लवकर निघून साडेनऊपर्यंत पोहोचा, ऊन चढलं की प्राणी आडोशाला जातात. सगळं बघायचा हट्ट नको. ओरांगउटान, पांढरे वाघ, हत्ती, आणि शेवटी किड्झवर्ल्डमध्ये (मुलांचा भाग) पाण्यात खेळणं. पोहण्याचे कपडे आणि टॉवेल वरच्याच पिशवीत ठेवा. दोनला निघालात तर साडेतीनला हॉटेल.

नाइट सफारी हवीच असेल तर वेगळ्या संध्याकाळी, आणि प्रवेशाची सव्वासातचीच वेळ आधी आरक्षित करून. त्याच दिवशी शेजारचं रिव्हर वंडर्स हे दुसरं प्राणिउद्यान आधी करता येतं. ते सातपर्यंत उघडं असतं, बराच भाग छताखाली आहे आणि कायकाय-जियाजिया ही पांडांची जोडी तिथेच आहे. मुलीची झोप तेव्हा स्ट्रोलरमध्ये उरकावी लागेल. तिथल्या ॲमेझॉन बोटीला किमान १.०६ मीटर उंची लागते, म्हणजे मुलगा बसेल, मुलगी नाही. बोटीच्या दारापर्यंत जाऊन रडारड होण्यापेक्षा दोघांनी आधीच ठरवून एकाने तिला पांडांकडे न्यावं. माझं मत विचाराल तर या वयात प्राणिसंग्रहालय पुरे.

युनिव्हर्सल गाळा. तिथल्या ट्रान्सफॉर्मर्स राइडला १०२ सेंमी उंचीची अट आहे, मुलगा त्यात बसतो, पण मुलगी बाहेर, मग दिवसभर एक पालक बाकावर. त्या पैशांत सेंटोसाचा समुद्र बघा : हार्बरफ्रंटला उतरून विवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस (मोनोरेल), जाताना ४ डॉलर, येताना काही नाही. मुलगी तीनच्या आत असल्याने फुकट. बेटावरच्या बस मोफत आहेत. वाळूत खेळायला पालवान बीच.

एक संध्याकाळ गार्डन्स बाय द बेसाठी राखून ठेवा. तिथल्या सुपरट्री ग्रोव्हमधला (उंच कृत्रिम झाडं) दिव्यांचा कार्यक्रम पावणेआठ आणि पावणेनऊला, पंधरा मिनिटांचा, मोफत. पावणेआठचाच धरा. बसायला चटई न्या, उताणं झोपून बघण्यात खरी मजा. क्लाउड फॉरेस्ट या तिथल्या काचघरात ३५ मीटरचा धबधबा आहे आणि आत चांगलाच गारवा असतो, मुलांना पातळ जाकीट लागेल. तिकिटाआधी संकेतस्थळावर देखभालीच्या सुट्टीची तारीख बघा, बागेतली दोन्ही काचघरं दर महिन्याला थोडा वेळ बंद असतात.

---

मेतकूट

खाण्याचं थोडक्यात. सेरंगून रोडवर कोमला विलास (१९४७ पासूनचं) पूर्ण शाकाहारी, दहीभात-इडली हमखास. तुमची खरी अडचण दुपारी, बाहेर असताना. फूडकोर्टात ‘व्हेज’ म्हटलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस आणि संबलमध्ये (तिखट चटणी) कोळंबीची पेस्ट सर्रास असते, म्हणून नुसतं ‘नो मीट’ म्हणून भागत नाही. ‘नो एग, नो ऑयस्टर सॉस, नो श्रिम्प पेस्ट’ असं तिन्ही म्हणा. काया टोस्ट निरुपद्रवी दिसतो, पण काया म्हणजे नारळ आणि अंड्याचाच जॅम. रोटी प्राटाबरोबर माशाची किंवा चिकनची करी देतात, डाळ मागून घ्या. मुलीसाठी कोरडं मेतकूट न्या, साधा भात कुठेही मिळतो. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्या विकत घेऊ नका. जेवणानंतर ट्रे स्वतः उचलून ठेवणं हॉकर सेंटरमध्ये सक्तीचं आहे.

---

काटेकोर

कागदपत्रं राहिली. व्हिसा प्रत्येक मुलाचा वेगळा, अधिकृत एजंटमार्फत, प्रवासाच्या तीस दिवसांच्या आत अर्ज. पासपोर्ट सहा महिने शिल्लक हवा. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मुलाचा जन्मानंतर लगेच काढला असेल तर आत्ताच तारीख बघा. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड प्रत्येकाचं, मुलीचंसुद्धा, भरायचं. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं शोधात वर येतात, ती बंद करा. आणि प्लग : तिथे तीन चौकोनी पायांचा लागतो.

---

पाऊलखुणा

परतीच्या दिवसाचं एक. विमानतळावरच्या ज्युएल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा पोहोचल्या सकाळी बघायला थांबू नका, तेव्हा तो सुरू झालेला नसतो. परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर दुपारी तिकडे जा. ज्युएल टर्मिनल १ ला लागून आहे, २ आणि ३ पासून आतून पुलाने चालत जाता येतं, स्ट्रोलरसकट.