मदत हवी आहे: घरामागून जाणारा स्नोमोबाइल ट्रेल, क्लबला परवानगी द्यावी का?

तांबडमाती

मंडळी, जमिनीबाबतच्या एका निर्णयासाठी सल्ला हवा आहे. अमेरिका-कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ खेड्यांत राहिलेल्या, विशेषतः तिथे जमीन असलेल्या कुणाचाही अनुभव उपयोगी पडेल.

आम्ही मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, कीविनॉ द्वीपकल्पावर राहतो. नवरा हॉटनच्या विद्यापीठात शिकवतो. आजवर गावातच भाड्याने राहत होतो. यंदा उन्हाळ्यात मोहॉकच्या पलीकडे रानासकट एक जुनं घर घेतलं. मागच्या पडवीपासून जेमतेम तीस पावलांवर स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या स्कूटरसारख्या गाड्यांचा, ट्रेल (वाट) आमच्या हद्दीतून जातो. आधीच्या मालकांनी हा ट्रेल सांभाळणाऱ्या स्थानिक स्नोमोबाइल क्लबला लेखी परवानगी दिलेली होती, पण मालक बदलला की ती नव्याने घ्यावी लागते. म्हणून मागच्या आठवड्यात क्लबचे दोन सभासद, सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं, कागद घेऊन आले. येताना घरी भाजलेला निसू आणला होता. हा इथल्या फिनिश लोकांचा वेलची घातलेला गोडसर पाव. सहीसाठी आग्रह मुळीच केला नाही. एवढंच म्हणाले, की बंदुकीने हरणं मारण्याचा मुख्य हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो आणि १ डिसेंबरपासून ट्रेल सुरू होतो, तर त्याआधी कळवा.

माझं मन द्यावी असं म्हणतं. नवऱ्याचं मन अडतंय, आणि त्याची कारणं मला उडवून लावता येत नाहीत. तो सातारा जिल्ह्यातला. बांधावरच्या एका पाऊलवाटेपायी त्याच्या काकांनी निम्मं आयुष्य तहसील कचेरीत घालवलेलं त्याने पाहिलं आहे. "आज जाऊ दिलं की उद्या वहिवाट होते, मग ती कायमची," हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. दुसरी भीती अशी, की आपल्या हद्दीत कुणी झाडावर आदळलं तर दावा आपल्यावर येईल. अमेरिकेत ही भीती वावगी म्हणता येत नाही. तिसरी आवाजाची. धाकटी नऊ वर्षांची आहे आणि तिची खोली मागच्याच बाजूला आहे.

मला परवानगी द्यावीशी का वाटते तेही सांगते, कारण हा भाग फार थोड्या जणांनी पाहिला असेल. कीविनॉ काउंटी ही लोकसंख्येने मिशिगनमधली सर्वांत लहान. २०२० च्या जनगणनेत २,०४६ माणसं. वायव्येचा गार वारा लेक सुपिरियरच्या उघड्या पाण्यावरून बाष्प उचलतो आणि द्वीपकल्पाच्या चढावर बर्फ करून टाकतो. वर्षाला २०० इंचांहून जास्त बर्फ पडणं हे इथलं नेहमीचं. आमच्या घराजवळ, यूएस ४१ च्या कडेला, बर्फाची मोजपट्टी म्हणून एक उंचच उंच फलक उभा आहे. त्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा ३९०.४ इंचांचा विक्रम नोंदवलाय. तांब्याच्या मोठ्या खाणी १९६० च्या दशकाअखेर बंद पडल्या आणि माणसं निघून गेली. ज्या रेल्वेमार्गांवरून माल जायचा त्यांतल्या काहींचे रूळ उखडून त्यांचेच ट्रेल झाले. मास सिटीपासून हॉटनपर्यंतचा बिल निकोल्स ट्रेल त्यातलाच. आज हिवाळ्यात इथली मोटेल, पेट्रोलपंप, खानावळी चालतात त्या या ट्रेलवरून येणाऱ्या लोकांवर. २०२३-२४ मध्ये बर्फ फारच कमी पडला. मार्क्वेटची यूपी २०० ही कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत रद्द झाली, आणि बर्फाअभावी बुडालेल्या धंद्यांसाठी केंद्र सरकारच्या लघुउद्योग खात्याला कर्जं देऊ करावी लागली. आमच्याकडे दुष्काळात गावाचे चेहरे होतात तसेच चेहरे मी इथे त्या फेब्रुवारीत पाहिले.

आणि हे सगळं चालवतात ती क्लबची माणसं. ट्रेल-परमिटच्या पैशांतून राज्य अनुदान देतं हे खरं, पण शरद ऋतूत रानात जाऊन आडवी पडलेली झाडं कापणं, नारिंगी चौकोनी खुणा ठोकणं, लाकडी पुलांच्या फळ्या बदलणं हे बहुतेक सभासद फुकट करतात. ग्रूमर म्हणजे पट्ट्यांवर चालणारं अवजड ट्रॅक्टरसारखं यंत्र. त्याच्यामागे बर्फ सपाट करून दाबणारा लोखंडी ड्रॅग असतो. तो बहुधा रात्री फिरवतात, कारण वर्दळ कमी असते आणि दाबलेला बर्फ रात्रीच्या थंडीत घट्ट धरतो. आम्ही हॉटनला असताना उचलपुलाच्या खालच्या मजल्यावरून हिवाळ्यात स्नोमोबाइलची रांग जाताना मुलं खिडकीला चिकटून बघायची.

इथे एकाने नाही म्हटलं की ट्रेल तुटतो. राज्यातले जवळपास निम्मे ट्रेल खासगी जमिनींवरून जातात. आमच्या दक्षिणेला ओढा आहे, उत्तरेला हमरस्ता. आमचा तुकडा वगळला तर गाड्यांना रस्त्याच्या कडेने जावं लागेल, आणि तिथे वळण आंधळं आहे.

तर विचारायचं हे:

परवानगीच्या कागदात काय काय बघावं? वहिवाटीची भीती खरी आहे का? अपघात झाला तर मालकाची जबाबदारी किती? रात्रीच्या आवाजावर अट घालता येते का? मोठा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याला आत्ताच चालवायची आहे, त्याला काय नियम आहेत? आणि शेवटचं, आम्ही दोघंही स्नोमोबाइल चालवत नाही, तर क्लबात आमचा उपयोग काय? नुसती सही करून बाजूला बसावं असं मला वाटत नाही.

पाणंद (उत्तर विस्कॉन्सिन)

ताई, आमच्या शेतातून ट्रेल जाऊ लागल्याला बरीच वर्षं झाली. अनुभव एकंदरीत चांगला. मात्र चांगला झाला तो अटी आधी बोलल्यामुळे.

पहिली गोष्ट, परवानगी एका हंगामापुरती द्या. दरवर्षी नव्याने सही. क्लबला त्याची सवय असते, कुणी वाईट वाटून घेत नाही. दुसरी, क्लबच्या माणसाबरोबर ट्रेलवरून एकदा चालत जा, बर्फ पडायच्या आधी. विहीर कुठे, सेप्टिक टाकी कुठे, नवी लावलेली झाडं कुठे, हे त्यांना हाताने दाखवा. आमच्याकडे मी अल्फाल्फाचं (लसूणघासाचं) वावर दाखवलं, तर त्यांनी दोन्ही बाजूंनी खांब ठोकून "ट्रेल सोडू नका" अशा पाट्या लावल्या. तरी एखादा उनाड आत घुसतोच. अशा वेळी स्वतः भांडायला जाऊ नका. क्लबच्या ट्रेल-प्रमुखाला फोन करा. मालक नाराज झाला तर ट्रेल जाईल याची त्यांनाच जास्त धास्ती असते, ते लगेच येतात.

ट्रेल घरापासून तीस पावलांवर आहे हे मात्र मला जवळ वाटतं. थोडा मागे सरकवता येईल का, हे अवश्य विचारा. रान तुमचंच आहे, वाव असेल.

सातबारा (आन आर्बर)

मी मिशिगनमध्ये वकिली करते. हे माहिती म्हणून लिहिते आहे, सही करण्यापूर्वी कागद तिथल्या एखाद्या वकिलाला दाखवाच.

तुमच्या यजमानांच्या वहिवाटीच्या भीतीबद्दल आधी. इथेही दीर्घ वापराने वाटेचा हक्क मिळतो, मिशिगनमध्ये त्यासाठी १५ वर्षं लागतात. पण तो वापर मालकाच्या परवानगीविना, त्याच्या हक्काला धुडकावून केलेला असावा लागतो. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं चालला तरी त्यातून हक्क पिकत नाही. म्हणजे तुम्ही सही न करता नुसतं गप्प बसलात आणि लोक जातच राहिले, तर धोका जास्त. लेखी, मुदतीची, मागे घेता येणारी परवानगी ही तुमच्या मालकीची उलट राखणच करते. हे त्यांना नक्की सांगा. साताऱ्याच्या अनुभवावरून त्यांना वाटतंय त्याच्या नेमकं उलटं आहे.

जबाबदारीबद्दल: राज्याच्या नैसर्गिक संसाधन कायद्याचं कलम ३२४.७३३०१ वाचा. मोबदला न घेता कुणाला करमणुकीसाठी जमीन वापरू दिली, स्नोमोबाइलिंग त्यात स्पष्टपणे येतं, तर मालकाचा घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेली आगळीक असल्याशिवाय दुखापतीचा दावा टिकत नाही. यातला "मोबदला न घेता" हा भाग महत्त्वाचा. ट्रेलवरून जाणाऱ्यांकडून पैसे घेऊ नका, पार्किंगचेसुद्धा नाही. आणि जमिनीवर एखादा धोका तुम्हाला ठाऊक असेल, जुना खाणीचा खड्डा किंवा आडवी तार, तर तो क्लबला लेखी कळवा. तुमच्या भागात जुन्या खाणी आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं. शिवाय क्लबचा विमा असतो. त्यात जमीनमालकाचं संरक्षण आहे का ते विचारून त्याची प्रत मागा, आणि तुमच्या घराच्या विमा एजंटलाही एक फोन करा.

आवाज: राज्याच्या कायद्यानेच रात्री १२ ते सकाळी ६ या वेळेत घरापासून १०० फुटांच्या आत स्नोमोबाइल फक्त पुढे सरकण्यापुरत्या वेगाने चालवायची असते. तुमची तीस पावलं १०० फुटांच्या आतच भरतील. क्लबला तिथे हळू जाण्याची पाटी लावायला सांगा. सरळ "रात्री बंद" अशी अट घालू नका, ग्रूमर रात्रीच येणार.

मुलगा: १२ ते १६ वयाच्या मुलांना सुरक्षा प्रमाणपत्र हवं, नाहीतर सोबत प्रौढ माणसाची देखरेख हवी. रस्ता ओलांडायचा असेल तर प्रमाणपत्र हवंच. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं.

हिमगौरी (सडबरी, ऑन्टारिओ)

कायद्याचं वर आलंच आहे. मी फक्त मुलाबद्दल लिहिते, कारण आमच्या भागात दर हिवाळ्यात तळ्यावर गोठलेला बर्फ फुटून माणसं बुडून जातात.

प्रमाणपत्र म्हणजे परवाना एवढंच समजू नका. त्याला पहिल्या दिवशी सांगा, की ट्रेलवर आणि जमिनीवरच राहायचं, तळ्यावर कुणी मित्र गेला तरी जायचं नाही. चार इंच स्वच्छ, नवा बर्फ हा माणसाने चालण्यासाठी किमान धरतात. गाडीला त्याहून जाड लागतो. आणि जिथे पाणी वाहतं, पुलाखाली, ओढ्याच्या मुखाशी, तिथे तो मधूनच पातळ असतो. वरून ताजा हिम पडला की काहीच दिसत नाही. तुमच्या दक्षिणेला ओढा आहे म्हणालात, म्हणून काळजी वाटली. पाण्यात पडलंच तर बर्फात रोवून वर येण्यासाठी गळ्यात लोखंडी टोचे बांधायला लावा. वाऱ्याने गारठा किती वाढतो तेही शिकवा, नाक-कान सुन्न झाले की थांबायचं.

फेब्रुवारीत मिशिगनमध्ये नोंदणी आणि परमिटशिवाय स्नोमोबाइल चालवता येणारा एक मोफत शनिवार-रविवार असतो ना? त्या दिवशी क्लबच्या एखाद्या जाणत्या माणसामागे बसवून आधी फिरवून आणा. गाडी विकत घ्यायची घाई नको.

तांबडमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणंद, सातबारा, हिमगौरी, तुमचं लिखाण छापून काढून नवऱ्याच्या हातात दिलं. वहिवाटीचा मुद्दा वाचून तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने साताऱ्याला चुलतभावाला फोन लावून त्यालाही समजावून सांगितलं.

काल क्लबचे ते आजी-आजोबा आले आणि आम्ही चौघं हद्दीतून चाललो. ट्रेल मागे नेता येतोय. मॅपलच्या रानातून जुनी लाकूडतोडीची वाट आहे, ती थोडी साफ केली की घरापासून पुष्कळ लांब पडते. साफ करायला क्लबचे लोक येणार आहेत, आणि नवरा स्वतःहून म्हणाला की मीही करवत चालवतो. परवानगी एका हंगामाची आहे. विम्याच्या कागदाची प्रत मिळाली, त्यात जमीनमालकांचा उल्लेख आहे. खाणीचा खड्डा आमच्या हद्दीत नाही, पण कुंपणाची जुनी तार एका ठिकाणी सापडली, ती त्यांनी तिथल्या तिथे गुंडाळली. मुलाचं प्रशिक्षण ऑनलाइन सुरू करतोय. तळ्याबद्दल हिमगौरीने लिहिलेलं त्याला मोठ्याने वाचायला लावलं. आपल्या सांगण्यापेक्षा परक्याचं सांगणं मुलांना लवकर पटतं.

आजींना विचारलं, आम्ही काय करू शकतो. त्या म्हणाल्या, जानेवारीत क्लबचं निधीसाठी जेवण असतं, ऐंशी-शंभर माणसं येतात, दरवेळी तेच स्पॅगेटी आणि पास्टी (मांस-बटाटा भरलेली मोठ्या करंजीसारखी), आणि आता गावात शाकाहारी मुलंही आहेत. विद्यापीठात शिकणारी पुण्या-मुंबईची चार-पाच मुलं मदतीला यायला तयार आहेत. आमटी, भात, बटाट्याची भाजी आणि गाजराचा हलवा असं ठरतंय. तिखट अगदी बेताचं ठेवीन. इथे तूरडाळ मिळत नाही, शिकागोहून मागवावी लागेल, म्हणून आधीच विचारते: शंभर माणसांच्या आमटीला डाळ किती घ्यावी, आणि गाजरं किती किलो? ज्यांनी इतक्या माणसांचा स्वयंपाक केला आहे त्यांनी प्रमाण इथेच लिहा.