२० एमजीची गोळी १०० एमजीच्या पाचपट जोरदार? कुणी सांगितलं?

गंगावेशकर
लिंगाच्या ताठरतेसाठी घेतात त्या गोळ्यांबद्दल काल इथं एकानं लिहिलं होतं: "टाडालाफिल २० एमजीत काम करते, सिल्डेनाफिलला १०० लागतात. म्हणजे टाडा पाचपट जोरदार. वर सगळ्यात निवडक, त्यामुळं साइड इफेक्ट शून्य. बिनधास्त घ्या." खाली अंगठ्यांची रांग. चौदा वर्षं मेडिकलच्या काउंटरमागं उभा आहे, गप्प बसवेना.

एमजी म्हणजे पैलवानाचं वजन नव्हे. आकडा लहान याचा अर्थ एवढाच, की ते औषध थोडं पुरतं. या गोळ्या पीडीई ५ नावाचं, रक्तवाहिन्या सैल पडू न देणारं एन्झाइम अडवतात. त्याचं निम्मं काम बंद पाडायला लॅबमध्ये वार्डेनाफिल, याच जातीचं तिसरं औषध, साधारण ०.७ नॅनोमोलर (द्रावणातलं अगदी सूक्ष्म प्रमाण) लागतं, सिल्डेनाफिल साडेतीनच्या आसपास. या हिशेबानं वार्डेनाफिलनं मैदान मारायला हवं होतं. मारलं का? २० ची वार्डेनाफिल घेणारा आणि १०० ची सिल्डेनाफिल घेणारा, दोघांना गुण जवळपास सारखाच.

आता निवडकपणा, म्हणजे पीडीई ५ ला अडवताना त्याच्या भावंडांना न छेडणं. कुणाच्या तुलनेत, ते आधी सांगा. सिल्डेनाफिल पीडीई ६ पासून दहाच पट लांब (दहापट प्रमाणात तेही अडवते), आणि पीडीई ६ असतं डोळ्याच्या पडद्यात. म्हणून काहींना निळसर दिसतं. टाडालाफिल तिथं ७०० पट लांब, मान्य. पण पीडीई ११ च्या एका प्रकारापासून ती १४ पटच लांब आहे. आणि डोकं दुखणं, नाक चोंदणं, तोंड लाल होणं, हे तर पीडीई ५ मुळंच होतं. पीडीई ५ असलेल्या रक्तवाहिन्या डोक्यातही आहेत. गोळी कितीही निवडक असू दे, ते कुठं जाणार?

टाडाप्रेमी
ती पोस्ट माझीच. गोळ्या विकणाऱ्यानं आता आम्हाला शाळा शिकवायची? मी ४७ वर्षांचा, शुगर आहे. सिल्डेनाफिल ५० घेतली की डोकं असं ठणकायचं, की बायकोच म्हणायची, "राहू द्या, बाम लावते." टाडा १० वर डोकं शांत. तुमचे नॅनोमोलर ठेवा तुमच्या काउंटरवर.

गंगावेशकर
तुमचं डोकं शांत आहे, आनंद आहे. दुसऱ्याची कंबर आणि मांड्या दुसऱ्या दिवशी धरून येतात, तो माझ्याकडं मलम मागायला उभा राहतो. "मला सोसली" आणि "शून्य" यात फरक आहे, एवढंच म्हणतोय.

पेठेतला जावई
मला जोर-बिर माहीत नाही, माझा अनुभव ऐका. लग्नाचा वाढदिवस. सासुरवाडीला मटणाचं ताट, चार वाट्या तांबडा, तीन वाट्या पांढरा. नको म्हणायची सोय नाही. साडेदहाला निळी गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल, घेतली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी छताकडं बघतोय, पंखा मोजतोय. बायको घोरायला लागल्यावर कुठं गोळीला जाग आली.

गंगावेशकर
गोळी बरोबर होती, ताट चुकलं. तुपकट जेवणावर सिल्डेनाफिल तासभर उशिरा चढते आणि रक्तातली कमाल पातळी २९ टक्क्यांनी खाली येते. टाडालाफिलला जेवणानं फरक पडत नाही. घ्या टाडाप्रेमी, हा एक गुण तुमच्या पारड्यात. पण तो निवडकपणामुळं नव्हे.

रस्सामंडळ
एक मिनिट. पांढरा रस्सा तुपकट कधीपासून झाला? पांढरा हलका असतो. आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात.

शाहूपुरीची सून
आजाऱ्याला देतात ते आळणी पाणी हो. पांढऱ्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू पडतात. हलका कुठून?

रस्सामंडळ
काजू?? काजू हॉटेलवाले घालतात, टुरिस्टांना गुंडाळायला. आमच्या आजीच्या पांढऱ्यात काजूचा तुकडा सापडला असता तर आज्जानं ताट सरकवलं असतं.

पेठेतला जावई
माझ्या सासूबाई घालतात. मूठभर.

रस्सामंडळ
मग गोळीला दोष देऊ नका.

टाडाप्रेमी
मंडळी, विषय काय, चाललंय काय. माझा मुद्दा तोच आहे: सिल्डेनाफिल चार तासांत निम्मी उतरते, टाडा साडेसतरा तासांत. शनिवारी घ्या, रविवारी रात्रीपर्यंत घड्याळ बघायला नको. रस्साही खा, काजूही खा. यापेक्षा भारी काय असतं?

उपनगरातली ताई
एवढा वेळ वाचत होते. त्या साडेसतरा तासांचं कौतुक जरा थांबवा.

आमच्या ह्यांना रविवारी दुपारी छातीत भरून आलं. शेजारच्या काकांनी चांगुलपणानं त्यांच्याकडची सॉर्बिट्रेट, छातीदुखीवरची नायट्रेट गोळी, जिभेखाली ठेवली. दहा मिनिटांत हे घामानं चिंब, डोळे फिरवले, हाताला नाडी लागेना. दवाखान्यात डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "काही गोळी घेतली होती का?" हे शुद्धीवर होते, तरी दोन्ही वेळा नाही म्हणाले. कारण शेजारी सासूबाई उभ्या. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा बोलले. आदल्या रात्रीची टाडालाफिल. गाडीच्या डिकीत, पीयूसीच्या कागदात गुंडाळलेली पट्टी मला नंतर सापडली. चारांतली एक गेलेली. चिठ्ठी नव्हती, बिल नव्हतं. तीन दिवस आयसीयू.

तुमच्या बिनधास्तच्या खाली अंगठा देणाऱ्यांत असाच कुणीतरी असेल.

गंगावेशकर
ताई, हेच लिहायला बसलो होतो आणि रश्श्यात पडलो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही, बीपी एकदम कोसळतं. जी गोळी जास्त टिकते तिची भीतीही जास्त वेळ टिकते. आणि रोजची सॉर्बिट्रेट असेल त्याला यातली कुठलीच गोळी नाही.

दुसरं म्हणजे, लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक. ब्लॉकेजची पहिली कुरकुर बऱ्याचदा तिथंच होते. गोळी मागायला येणाऱ्याला मी आधी बीपी-शुगरचं विचारतो तर म्हणतो, "तू डॉक्टर हायस काय?" आणि पलीकडच्या दुकानातनं घेऊन जातो.

टाडाप्रेमी
पलीकडच्या दुकानाचं रडगाणं दर वेळी. तुम्ही सगळे चिठ्ठीशिवाय एकही पट्टी दिली नाही म्हणून शपथ घ्याल?

गंगावेशकर
नाही घेणार. पहिली दोन वर्षं दिल्या. ताईंचं वाचून त्यातले चेहरे आठवतायत.

टाडाप्रेमी
…बरं. ताई, आता ते कसे आहेत?

उपनगरातली ताई
अँजिओ झाली, एक स्टेंट बसला. रंकाळ्याला एक फेरी मारतात. सासूबाईंना आम्ही ॲसिडिटी सांगितलीय, त्या अजून सगळ्यांना जिरं-पाणी सुचवतात.

टाडाप्रेमी
"बिनधास्त" काढलं पोस्टमधनं. "शून्य"पण काढलं. "पाचपट" मात्र राहू दे, लोकांना आकडा लागतो.

गंगावेशकर
तोच चुकीचा आहे हो!

टाडाप्रेमी
काढतो, काढतो. मास्तर.

रस्सामंडळ
आणि ते काजूचं कोण काढणार?