'ओडिसी'तले विसर पाडणारे फळ: कमळ की बोर?

प्रश्न – पिंपळपान

होमरच्या 'ओडिसी' या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या नवव्या भागात, ट्रॉयच्या दहा वर्षांच्या युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसची गलबते वादळात सापडून नऊ दिवस भरकटतात आणि दहाव्या दिवशी लोटोफेगी लोकांच्या किनाऱ्याला लागतात. तिथली माणसे कुणाला मारत नाहीत की कोंडून ठेवत नाहीत. पाहणीला आलेल्या खलाशांना ती आपले रोजचे 'लोटॉस' खायला देतात, आणि ज्याने ते मधासारखे गोड फळ खाल्ले त्याला घरी परतण्याची इच्छाच उरत नाही. शेवटी ओडिसियस त्यांना रडत असतानाच ओढत आणतो आणि गलबतातल्या बाकांखाली बांधून ठेवतो. मी मुलीला वाचून दाखवत असलेल्या मराठी पुस्तकात या लोकांना 'कमळ खाणारे' म्हटले आहे. कमळाला असे गोड फळ कुठे असते, असे तिने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. गावच्या तळ्यातले कमळाचे बोंड मी लहानपणी फोडून पाहिले आहे. त्यातल्या हिरव्या बिया कोवळ्या असताना खायला बऱ्या लागतात, पण त्यांना मधाची उपमा कुणी देणार नाही. होमरच्या कल्पनेमागे खरोखरचे एखादे रानफळ असावे का, आणि असल्यास कोणते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद – सागरगोटा

आपल्या मुलीची शंका अगदी रास्त आहे. ग्रीकांचा 'लोटॉस' हा शब्द एकाच वनस्पतीचा नव्हे. होमरच्याच 'इलियड'मध्ये घोडे जो लोटॉस चरतात तो साधा चारा आहे, ग्रीक इतिहासकार हेरोडोटस नाईलच्या पाण्यातल्या कुमुदांना तेच नाव देतो, आणि उत्तर आफ्रिकेतल्या एका काटेरी झाडाचेही नाव तेच आहे. मराठीत तो शब्द इंग्रजीमार्गे आला आणि त्याचे सरसकट 'कमळ' झाले.

फळाचा माग मात्र जुन्या लेखकांनी चांगला ठेवला आहे. हेरोडोटस सांगतो की लिबियाच्या, म्हणजे त्या काळच्या अर्थाने उत्तर आफ्रिकेच्या, किनाऱ्यावर समुद्रात घुसलेल्या एका भूशिरावर लोटोफेगी राहतात, ते याच फळावर जगतात, त्याला खजुराची गोडी असते आणि त्याची ते दारूही करतात. इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियसने तर झाडच वर्णिले आहे: फार उंच नाही, खरखरीत आणि काटेरी, फळ आधी पांढुरके, मग लालसर होणारे, वाढल्यावर गोल ऑलिव्हएवढे, आत अगदी लहान आठळी, चव अंजीर आणि खजूर यांच्या जवळची. त्याची दारू दहा दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही, असेही तो नोंदवतो, आणि मला हा तपशील फार विश्वासार्ह वाटतो, कारण असे काही कुणी कल्पनेने लिहीत नाही. आजच्या ट्युनिशियातले जेर्बा बेट हीच लोटोफेगींची भूमी, असे प्राचीन काळापासून मानले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झुडपाला 'झिझिफस लोटस' असे नाव दिले. झिझिफस म्हणजे आपल्या बोरीची प्रजाती. सह्याद्रीत उन्हाळ्यात मिळणारी पांढरी तोरणेही तिच्यातलीच.

प्रतिसाद – कातळफूल

येथे एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. होमर याच प्रसंगात त्या खाद्याला 'फुलांचे अन्न' असेही म्हणतो. त्यावरून काही अभ्यासकांनी नाईलमधले निळे कुमुद पुढे केले आहे, आणि त्या फुलाला सौम्य गुंगीचा गुण असल्याचे सांगितले जात असल्यामुळे विस्मरणाचा उलगडाही सोपा होतो. बोर खाऊन कुणाला घराचा विसर पडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

प्रतिसाद – रानवाट

कातळफूल यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु होमर पुढे स्पष्टपणे 'मधाळ फळ' म्हणतो आणि कुमुदाला तसे फळ नसते. शिवाय हेरोडोटसने इजिप्तचे कुमुद आणि लोटोफेगींचे फळ यांची वर्णने दोन वेगळ्या ठिकाणी, एकमेकांत न मिसळता केली आहेत.

विस्मरणाबद्दल थिओफ्रॅस्टस या वनस्पतींच्या अभ्यासकाची साक्ष निर्णायक मानावी. तो म्हणतो की हे फळ गोड आणि निरुपद्रवी असून पोटालाही चांगले असते. उत्तर आफ्रिकेतल्या सायरीन या ग्रीक नगरीचा शासक ओफेलास त्याच किनाऱ्यावरच्या कार्थेज नगरीकडे कूच करत असताना शिधा संपला, तेव्हा त्याच्या सैन्याने कित्येक दिवस याच फळावर काढले, असेही तो सांगतो. ही मोहीम इ. स. पू. 308 मधली, म्हणजे थिओफ्रॅस्टसच्या हयातीतली. सैन्य ते फळ खाऊन पुढे चालत राहिले. विसर फळात नव्हता, तो कवीने त्यात घातला. दहा वर्षांचे युद्ध आणि नऊ दिवसांचे वादळ सोसून आलेल्या माणसाला कुणीतरी किनाऱ्यावर बसवून गोड बोरे खायला घातली, तर त्याने उठायला नकार देण्यास गुंगीच्या औषधाची गरज भासू नये. फळ इतके साधे आहे म्हणूनच मला तो प्रसंग अधिक भयंकर वाटतो.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलीला सांगावी. 1795 ते 1797 या काळात मंगो पार्क हा प्रवासी गँबिया नदीच्या बाजूने पश्चिम आफ्रिकेत शिरला. तिथले लोक याच जातीची म्हणून त्याने ओळखलेली पिवळसर फळे काही दिवस उन्हात वाळवत, लाकडी उखळात हलक्या हाताने कुटून आठळीपासून गर सुटा करत आणि त्या पिठात थोडे पाणी घालून वड्या थापत. आमची आजी बोरकूट असेच करत असे. मुसळ जोरात पडले तर आठळी फुटते आणि कूट कचकचते, म्हणून ती मुसळ अगदी वीतभरच उचलत असे, आणि चाळणीखाली पडलेल्या तांबूस पिठात चिमूटभर मीठ टाकून आधी आमच्या तळहातावर ठेवत असे.

प्रतिसाद – पिंपळपान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल बाजारातून बोरकुटाची पुडी आणली आणि ते चाटत आम्ही तो प्रसंग पुन्हा वाचला. आमच्या प्रतीत 'कमळ' या शब्दाशेजारी मुलीने पेन्सिलीने 'आफ्रिकेतले रानबोर' असे लिहून ठेवले आहे.