पस्तिशीच्या आत कोअर सोडा म्हणे!

भोसरीचा टूलरूमवाला: काल बॅचच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. ‘मेकॅनिकलच्या पोरांनो, पस्तिशीच्या आत कोअर, म्हणजे मशीनचं काम, सोडून पायथॉन प्रोग्रॅमिंग शिका, नाहीतर जन्मभर ग्रीस पुसत बसा.’ खाली सहा महिन्यांच्या क्लासची जाहिरात. निम्म्या ग्रुपने अंगठे दिले. त्यातले चौघे माझ्याबरोबर ट्रेनी म्हणून लागले होते, म्हणून डोकं फिरलं. जरा लांबेल, सोसा.

सतरा वर्षं डाय-मोल्डमध्ये, म्हणजे साचे बनवण्यात आहे. जे येतं ते एका फिटरमामांनी शिकवलं, आठवी पास माणूस. पहिल्या आठवड्यात २५ एच७चं (२५ मिमी किंवा किंचितच मोठं चालणारं) भोक बोअर गेजने मोजून मी ऐटीत ‘ओके’ म्हणालो. मामांनी विचारलं, “गेज सेट कशावर केलंस?” केलंच नव्हतं; माहीत मापाशी आधी जुळवायचं असतं ते. अख्खी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २१ मायक्रॉन आणि साहेब सेट न केलेल्या गेजवर निकाल देतायत! आज साच्याच्या ट्रायलला पार्टवर फ्लॅश (कडेला बाहेर आलेला पापुद्रा) दिसला तर पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांची सांधरेषा) बसत नाहीये, टनेज (साचा दाबून धरायचा जोर) कमी पडतंय की मटेरियल फार तापलंय, हे मशीनशी उभं राहून सांगतो. माझ्या लेखी करिअर डेव्हलपमेंट ती ही. कुठल्या क्लासात मिळते?

हिंजवडी फेज ३: दादा, भावना पोचल्या. आता पगार सांगा. मीही मेकॅनिकलच. चाकणला लागलो तेव्हा हातात १४ हजार, कॉन्ट्रॅक्टवर, तीन पाळ्या. लाइन थांबली की प्रॉडक्शनच्या शिव्या, रिजेक्शन आलं की क्वालिटीच्या. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये उडी मारली, पहिल्याच ऑफरला दुप्पट. फिटरमामांबद्दल आदर आहे, पण घरमालक भाड्यात आदर घेत नाही.

भोसरीचा टूलरूमवाला: पहिली सात वर्षं मीही रडलोय, खोटं कशाला बोलू. आता बरं चाललंय. आकडा लिहीत नाही, बायको इथे वाचते.

ड्रॉइंगच्या बाई: पगारावर भांडताय, पण रोग पहिल्या वर्षातला आहे. ईडीच्या, म्हणजे इंजिनियरिंग ड्रॉइंगच्या, शीट स्वतः किती जणांनी काढल्या? जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारलेली, म्हणजे काचेवर ठेवून दुसऱ्याची गिरवलेली, शीट मी लांबून ओळखते. एकदा ६० जणांच्या वर्गात सगळ्यांची एकच हिडन लाइन, म्हणजे आतल्या न दिसणाऱ्या कडेची तुटक रेघ, गायब होती. ज्याला ड्रॉइंग वाचता येत नाही तो कोअरमध्ये राहिला काय नि गेला काय.

हिंजवडी फेज ३: बाई, जीटीला नावं ठेवायची नाहीत! खाली ट्यूबलाइट, वर काच, पहाटेचे चार, एका शीटवर पाच जण. टीमवर्क म्हणजे काय ते तिथे कळलं. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नाही.

डीएसवायवाला: ‘डिप्लोमाची पोरं’ म्हणून आम्हाला, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात (डीएसवाय) आलेल्यांना, हिणवणारे हेच टीमवर्कवाले. एम-थ्रीच्या गणितात आमची वाट लागायची, मान्य. पण ऐका. जपानी कस्टमरचं ड्रॉइंग, थर्ड अँगलमधलं; त्यात उजवीकडून दिसणारं चित्र उजवीकडे काढतात, फर्स्ट अँगलमध्ये डावीकडे. डिग्रीवाल्या सिनियरने फर्स्ट अँगल धरून वाचलं आणि उजव्या बाजूचे स्लॉट डाव्या बाजूला गेले. ४० ब्रॅकेट भंगारात. कोणता अँगल ते सांगणारा कोपऱ्यातला कापलेल्या शंकूचा सिम्बॉल बघायला दोन सेकंद लागतात हो! आणि मेमो कुणाला? मला. कारण जॉब कार्डावर सही माझी.

हिंजवडी फेज ३: चुका आमच्याकडेही होतात. रोलबॅक करतो, म्हणजे आधीचं व्हर्जन परत आणतो, पुढे जातो. एवढं काय त्याचं?

भोसरीचा टूलरूमवाला: स्टीलला रोलबॅक नसतो, राजा. जास्त कापलं की वेल्डिंगने भरा, परत मशीनवर घ्या आणि कस्टमरपुढे उभे राहा. ‘एवढं काय त्याचं’ म्हणणारी माणसं शॉप फ्लोअरवरून गेली ते बरंच झालं.

हिंजवडी फेज ३: वैयक्तिक होऊ नका. मी गेलो नाही, मला १४ हजारांनी घालवलं.

डीएसवायवाला: बाई, राग नका मानू, पण सबमिशनला शीट न उघडता सही करणारेही तुमच्यातलेच. आमच्या एका सरांनी जीटीची शीट ‘बघा, किती नीट’ म्हणून वर्गात फिरवली होती.

ड्रॉइंगच्या बाई: मानलाच राग. नऊ वर्षं सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) काढली मी. तासावर पैसे, तेही चार-चार महिने थकलेले. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. तरी प्रत्येक शीट उघडून बघायचे. इंजिनियरच्या करिअरवर पोस्टी पडतात, त्याला शिकवणारीच्या करिअरचं कुणी विचारलंय?

स्टुटगार्टकर: इथे मशीनिस्टची आउसबिल्डुंग, म्हणजे कामावर शिकत घ्यायचं प्रशिक्षण, साडेतीन वर्षांची असते. पुढे मायस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, झालात तर पात्रतेच्या चौकटीत बॅचलरच्या बरोबरीची पातळी. तुमचे फिटरमामा इथे…

डीएसवायवाला: आले जर्मनीवाले. मामांना आधी व्हिसा पाठवा.

हिंजवडी फेज ३: बाईंचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर गप्प बसतो. दादांना एक गोष्ट नाइलाजाने देतो. मागच्या महिन्यात क्लायंटच्या मशीनचा डेटा आला. ठरावीक पार्टनंतर सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) एकदम वाढायचा. टीम दोन दिवस बग शोधत होती. मी म्हटलं, अरे, तिथे झिजलेलं टूल बदलतात. सात वर्षांत पहिल्यांदा मेकॅनिकल कामाला आलं. पण त्याचे पैसे आयटीनेच दिले, हेही लिहून ठेवा.

भोसरीचा टूलरूमवाला: ठेवलं. आता माझंही घ्या. सीएमएमचे, म्हणजे मापं घेणाऱ्या मशीनचे, रिपोर्ट मी अजून हाताने एक्सेलमध्ये भरतो, अर्धा दिवस जातो. तुमच्या पायथॉनने होत असेल तर येऊन दाखवा. गुरुवारी या, आमची सुट्टी असते.

हिंजवडी फेज ३: गुरुवारी रजा मिळणार नाही.

भोसरीचा टूलरूमवाला: केवढी ती प्रगती! मग शनिवारी या. मशीनं चालू असतील, सेफ्टी शूज घालून या.

ड्रॉइंगच्या बाई: आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर? शीट स्वतः कुणी काढल्या?

डीएसवायवाला: मी. डिप्लोमाला, सगळ्या.

हिंजवडी फेज ३: दोन. टायटल ब्लॉक, नाव-नंबरचे चौकोन, मात्र सगळे माझे.

भोसरीचा टूलरूमवाला: बाई, आमच्या हॉस्टेलची काच माझ्याच खोलीत असायची.