खरूज आणि शहरातली गर्दी

वर एका प्रतिसादात आलंय की मुंबईत खरूज पसरते ती झोपडपट्टीतल्या घाणीमुळे. हे मला अजिबात पटलं नाही. खरजेच्या किड्याला घाण लागत नाही, माणसाची कातडी लागते. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते, त्यामुळे रोज साबण लावून चोळून अंघोळ केली तरी ती जात नाही. पसरायला बराच वेळ अंगाला अंग लागून राहावं लागतं, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत एका चटईवर झोपणारी चार पोरं, नाहीतर हॉस्टेल, कॉट बेसिसच्या (एकेक खाट भाड्याने देतात त्या) खोल्या.

आणि खरी गोची पुढेच आहे, पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर तो माणूस इतरांना देत असतो, म्हणून ज्याला खाजतंय फक्त त्यालाच मलम लावून काही होत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री पर्मेथ्रिन (किडा मारणारं मलम) मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, बोटांच्या बेचक्यात, बेंबीत, नखांखाली सुद्धा, आणि आठवडाभराने परत. लोक मात्र मेडिकलमधून स्टेरॉइडवालं मलम आणतात, खाज दबते, किडा तिथेच.

फिजीत गावच्या गाव आयव्हरमेक्टिन (किडा मारणारं पोटात घ्यायचं औषध) दिलं तेव्हा वर्षात खरजेचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं (२०१५ चा अभ्यास). पण ती छोटी बेटं. मुंबईत रोज नवा माणूस खोलीत राहायला येतो, तिथे हे कसं जमवायचं यावर बोला ना कोणीतरी.