आधी वर्तुळ कुठे बिघडतंय ते बघा

तुमच्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणाऱ्या यंत्रावर) वर्तुळ अंडाकृती कापलं जातंय आणि कडा जळतायत, म्हणून मोठा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) बसवायचा विचार तुम्ही मांडलाय. थोडं थांबा. जड स्पिंडलने गँट्रीवरचा, म्हणजे स्पिंडल वाहून नेणाऱ्या सरकत्या आडव्या चौकटीवरचा भार वाढेल, वर्तुळ मात्र तसंच राहील.

ते कुठल्या दिशेला ताणलंय हे आधी पाहा. एक्स किंवा वाय अक्षाच्या दिशेने ताणलेलं असेल तर स्टेप्स प्रति मिमीचा आकडा (अक्ष १ मिमी सरकवायला मोटरला किती स्टेप्स लागतात तो) तपासा. एका फेऱ्यात २०० स्टेप्सची मोटर, १/८ मायक्रोस्टेपिंग (प्रत्येक स्टेपचे आठ भाग) आणि ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात अक्ष ५ मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू असेल तर तो ३२० येतो, तोच भरा. (बेल्ट असेल तर मात्र लांब अंतर मोजून खात्री करावी लागते.) ४५ अंशांत तिरकं ताणलेलं असेल तर गँट्री काटकोनात नाही, मोठा चौकोन कापून दोन्ही कर्ण मोजा. आणि अक्षाची दिशा जिथे उलटते तिथे छोटे सपाट भाग दिसले तर तो बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावून अक्ष पुढे-मागे नेला की किती आहे ते कळतं. सॉफ्टवेअरमधल्या भरपाईवर मी तरी विसंबणार नाही, कारण ढिलाई तशीच राहते आणि कटर त्या ढिलाईत अक्षाला ओढतो. बॉलस्क्रूचा नट आणि कपलिंगचे (मोटर व स्क्रू जोडणाऱ्या भागाचे) स्क्रू घट्ट करणं हाच खरा उपाय.

कडा जळतात ते वेगळं. १८,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), दोन धारांचा कटर आणि ६०० मिमी प्रति मिनिट फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) म्हणजे प्रत्येक धार जेमतेम ०.०१७ मिमी लाकूड काढते, बाकी नुसतं घासणं. फीड १,८०० करा, नाहीतर आरपीएम उतरवा. यंत्र थरथरलं तर कापाची खोली कमी करा, फीड नको.