'खाण तशी माती' म्हणे! सॅन्ड्रा स्कारचं दत्तक मुलांवरचं संशोधन कोणी नीट वाचलंय का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून इथेच टाकतेय, अ‍ॅडमिनना वाटलं तर हलवावा.

आमची लेक दत्तक आहे. तान्ही असताना घरी आली, आता पहिलीत गेली. तिला सगळं माहितीये, आमच्याकडे लपवाछपवी नाही. तर परवा वन्संनी फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, त्यात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगतायत की अमेरिकेत सॅन्ड्रा स्कार नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दत्तक मुलांचा अभ्यास केला आणि त्यात असं निघालं की मूल सतरा-अठरा वर्षांचं होईतो घराचा परिणाम शून्य होतो, बुद्धी शेवटी जन्मदात्यांचीच. खाली वन्संची कॉमेंट, 'खाण तशी माती', आणि हात जोडलेला इमोजी.

नवरा म्हणतो सोडून दे. मी सोडणाऱ्यातली नाही. जरा शोधलं तर याच बाईंच्या दुसऱ्या एका अभ्यासात दत्तक मुलांचा आयक्यू चांगला वर गेला असं लिहिलेलं सापडलं. मग एकाच बाईचं दोन्ही कसं? कोणी सायकॉलॉजीवालं असेल तर समजेल अशा भाषेत सांगा. 'मनाला लावून घेऊ नका' छाप प्रतिसाद नकोत प्लीज, ते घरी फुकट मिळतात.

भाकरवडी:
वन्सं आणि फॅमिली ग्रुप, डेडली कॉम्बो. मी बसलोय पॉपकॉर्न घेऊन. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

मास्तरीण:
रानजाई, दोन्ही अभ्यास खरे आहेत आणि दोन्ही स्कारबाईंचेच आहेत. व्हिडिओवाल्याने अर्धंच सांगितलंय. (मी एमए सायकॉलॉजी, शाळेत समुपदेशक आहे, हा विषय परीक्षेला घासून पाठ केलेला, आता कुठे उपयोगी पडतोय.)

पहिला अभ्यास १९७६ चा. मिनेसोटा विद्यापीठात स्कार आणि रिचर्ड वाइनबर्ग यांनी १०१ गोरी कुटुंबं घेतली ज्यांनी कृष्णवर्णीय किंवा मिश्रवंशीय मुलं दत्तक घेतली होती. काळ लक्षात घ्या, १९६९ साली मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सनने मोठा लेख लिहून कृष्णवर्णीय मुलांच्या कमी गुणांमागे वंशाचा हात असू शकतो असं सुचवलं होतं आणि त्यावरून नुसता वणवा पेटला होता. स्कारबाईंनी विचारलं की बरं, मग हीच मुलं सुखवस्तू, शिकलेल्या घरात वाढवली तर काय होतं? तर साधारण सात वर्षांच्या वयात अशा १३० मुलांचा सरासरी आयक्यू १०६ आला, जी वर्षाच्या आत घरी आली होती त्यांचा ११०. त्या भागातल्या कृष्णवर्णीय मुलांची सरासरी तेव्हा ९० च्या आसपास होती. म्हणजे घराने फरक पडला, आणि चांगला पडला.

दुसरा अभ्यास १९७८ चा. यात बाळपणीच दत्तक गेलेली आणि आता १६ ते २२ वर्षांची झालेली मुलं होती. एकाच घरात वाढलेली पण रक्ताचं नातं नसलेली भावंडं आयक्यूमध्ये एकमेकांसारखी निघाली का? जवळपास अजिबात नाही, सहसंबंध (१ म्हणजे हुबेहूब जुळतं, ० म्हणजे काहीच नातं नाही) शून्याच्या आसपास. सख्ख्या भावंडांत तो ०.३५ च्या घरात होता. व्हिडिओतलं 'शून्य' ते हेच.

आता गंमत अशी की हे शून्य 'कोण पुढे कोण मागे' याबद्दल आहे. सगळी मुलं मिळून किती वर गेली याबद्दल ते काहीच सांगत नाही. वर्गात सगळ्यांचे वीस-वीस मार्क वाढले तरी पहिला नंबर पहिलाच राहतो, तसं. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते अमेरिकेतल्याच आयोवा राज्यातल्या स्कोडक आणि स्कील्स यांच्या १९४९ च्या अभ्यासात. दत्तक दिलेल्या मुलांच्या जन्मदात्या आयांचा सरासरी आयक्यू ८६ च्या आसपास, मुलांचा मात्र शंभराच्या वर. आणि तरीही ज्या आईचे गुण जास्त तिच्या मुलाचेही तुलनेने जास्त, म्हणजे क्रम बऱ्यापैकी आईकडून आलेला. दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यात! वन्संना फक्त दुसरा कॉलम दाखवला गेलाय.

निवांतनाना:
मास्तरीणबाई, छान लिहिलंत, पण त्या शून्यावरही मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. दत्तक कोणाला मिळतं? पगार, तब्येत, घर, सगळं तपासून. म्हणजे ज्या घरात मारहाण आहे, उपासमार आहे, ती घरं अभ्यासात आलीच नाहीत. सगळी घरं 'बरी' किंवा 'खूप बरी', मग घराघरातला फरक मोजणार कसा? घरांतला फरक आधीच गाळून टाकायचा आणि मग म्हणायचं घराने फरक पडत नाही, कै च्या कै आहे हे.

फरक जिथे मोठा आहे तिथे बघा. फ्रान्समध्ये मिशेल दुइम यांनी १९९९ मध्ये छापलेला अभ्यास: आबाळ किंवा छळ झालेली ६५ मुलं, आयक्यू ८६ च्या खाली, आणि दत्तक गेली तीसुद्धा उशिरा, चार ते सहा वर्षांची झाल्यावर. किशोरवयात पुन्हा चाचणी घेतली तर गरीब घरात गेलेल्यांची वाढ सरासरी ८ गुणांची आणि सधन घरात गेलेल्यांची १९ हून जास्त. हे काय शून्य आहे का?

आणि एरिक टर्कहायमरचा २००३ चा पेपर. सात वर्षांची अमेरिकन जुळी मुलं. गरीब घरांत आयक्यूतल्या फरकाचा ६० टक्के भाग घराच्या वाट्याला, जनुकांचा जवळजवळ नगण्य. सधन घरांत बरोबर उलटं. मजा म्हणजे असा इशारा खुद्द स्कारबाईंनीच १९७१ मध्ये फिलाडेल्फियाच्या जुळ्यांवरून दिला होता. नंतर युरोप-ऑस्ट्रेलियातल्या आकड्यांत मात्र हा प्रकार दिसला नाही, अमेरिकेतच दिसला. म्हणजे 'बुद्धी इतके टक्के आनुवंशिक' हा आकडासुद्धा देशाप्रमाणे आणि घरच्या परिस्थितीप्रमाणे बदलतो. आपल्याकडे तर एका तालुक्यात दहा जगं असतात, इथला आकडा मिनेसोटावरून कसा काढणार?

बोरीवली_फास्ट:
नाना, जरा दुसरी बाजू पण येऊ द्या की. त्याच मिनेसोटातले टॉमस बूशार्ड विसरलात. ओहायोतले ते दोन जिम, जन्मल्यावर महिन्याभरात वेगळे झालेले जुळे भाऊ, १९७९ साली ३९ व्या वर्षी भेटले, तिथून बूशार्डने वेगळ्या घरात वाढलेली जुळी शोधून शोधून तपासली. १९९० मध्ये 'सायन्स'मध्ये पेपर, आयक्यूतल्या फरकापैकी साधारण ७० टक्के आनुवंशिक. आणि रॉबर्ट प्लोमिन या संशोधकाच्या मंडळींच्या कोलोरॅडोच्या अभ्यासात दत्तक मुलं मोठी होता होता दत्तक आईबाबांसारखी कमी आणि जन्मदात्यांसारखी जास्त होत गेली. हे सगळे काय वेडे आहेत?

आणि हो, १९७६ च्या त्या गोड आकड्याचं पुढे काय झालं तेही सांगा. तीच मुलं सतराच्या आसपास असताना पुन्हा तपासली तेव्हा सरासरी खाली आली होती.

मास्तरीण:
बोरीवलीकर, सांगते ना. फेरतपासणीचा पेपर १९९२ चा. सरासरी खाली आली हे खरंय, पण त्या घरांतल्या पोटच्या मुलांचीही आली. मधल्या दहा वर्षांत चाचणी बदलली होती आणि जुन्या नॉर्म्सवर (म्हणजे मुलाचे गुण ज्या सरासरीशी ताडतात, तीच जुनी असेल तर) गुण फुगून येतात. शिवाय ज्या मुलांचे आईवडील दोघेही कृष्णवर्णीय होते ती तुलनेने उशिरा आणि जास्त हाल सोसून दत्तक आलेली, त्यामुळे त्या आकड्यांवरून दोन्ही बाजू आजही भांडतात. मला वाटतं त्या एका अभ्यासावरून वंशाबद्दल काही म्हणणं म्हणजे हवेत गोळीबार. रक्तगटांवरून युरोपीय वंशाचं प्रमाण काढून ते आयक्यूशी ताडून पाहायचा प्रयोगही स्कारबाईंनीच १९७७ मध्ये छापला होता, त्यात संबंध सापडला नाही. ते कोणी व्हिडिओत सांगत नाही.

बूशार्ड वेडे नव्हते, जनुकांचा वाटा मोठा आहे हे मी नाकारतच नाहीये. ७० टक्के हा माणसामाणसांतल्या फरकाचा हिशोब आहे, एका मुलीच्या डोक्यातले ७० टक्के जन्मदात्यांचे आणि ३० टक्के आपले असा नव्हे.

मला स्वतःला स्कारबाईंचं सगळ्यात पटलेलं काम १९८३ चं आहे, कॅथलीन मॅकार्टनीबरोबरचं. प्रश्न असा की घराचा प्रभाव वयाबरोबर कमी का होतो? त्यांचं म्हणणं, लहानपणी मूल आपण देऊ त्या वातावरणात वाढतं, पण पुढे ते आपल्या कलाप्रमाणे मित्र, पुस्तकं, मैदान, सगळं स्वतः निवडायला लागतं. कल जनुकांकडून, पण निवडायला समोर काहीतरी असावं लागतं ना, ते कोण देणार? नंतर १९९१ च्या एका भाषणात बाई म्हणाल्या की आईवडील 'पुरेसे चांगले' असले की बास, त्यापुढे घराघरातला फरक फार मोजू नका. त्यावर पालकत्वाचा अभ्यास करणाऱ्या डायना बॉमरिंड वगैरे त्यांच्यावर तुटून पडल्या, की ही सूट तुम्ही वाईट आईबापांनाही देताय. दोन्हीकडून शिव्या खाल्लेली बाई आहे ही. निवृत्तीनंतर हवाईला जाऊन कॉफी पिकवत बसल्या, सुटल्या बिचाऱ्या.

रानजाई:
मास्तरीणताई, नाना, बोरीवलीकर, खूप आभार. दोन कॉलमवालं डोक्यात बसलं.

ते निवडण्याचं वाचून हसू आलं. आम्ही दोघं बँकेत, घरात बोलणं काय तर व्याजदर. आणि ही बया एसटीच्या पाट्या वाचते. स्टँडवर गेलो की हात सोडून फलाटासमोर उभी, कुठली गाडी कुठल्या मार्गे जाते ते पाठ, घरी येऊन खडूने फरशीवर रस्ते काढते आणि मला कंडक्टर करते. हे कोणाकडून आलं देव जाणे, पण आता तिला जिल्ह्याचा मोठा नकाशा आणून दिलाय, भिंतीवर लावलाय.

अजून एक विचारायचंय. शाळेने 'हुशार मुलांची बॅच' काढलीये, त्यासाठी बाहेरून आयक्यू टेस्ट करून आणा म्हणतायत. करावी का? खरं सांगायचं तर वन्संच्या तोंडावर रिपोर्ट मारायची सुरसुरी येतेय.

निवांतनाना:
रिपोर्ट मारू नका, आकडा पुढच्या वर्षी बदलला तर तोच तुमच्या तोंडावर येईल.

मास्तरीण:
नानांना +१. सहाव्या वर्षीचा आकडा बऱ्यापैकी हलतो. करायचीच असेल तर आधी कुठली चाचणी ते विचारा. आपल्याकडे अजून बिने-कामत चालते, नागपूरच्या मलिन यांनी वेक्सलर या अमेरिकन आयक्यू चाचणीवरून केलेली भारतीय चाचणीही चालते, दोन्हींचे नॉर्म्स जुने आहेत, त्यामुळे आकडा फुगून येऊ शकतो. मुलगी घरी मराठी बोलत असेल तर चाचणी मराठीतूनच घेणार का ते पक्कं करा. सकाळची वेळ घ्या, शाळा सुटल्यावर दमलेलं मूल नेऊ नका. आणि रिपोर्टमध्ये नुसता एक आकडा नको, उपचाचण्यांचे गुण वेगवेगळे मागा, ते द्यायला कां-कूं करत असतील तर दुसरीकडे जा.

भाकरवडी:
टेस्टचं बघा सावकाश. ते खडूचे रस्ते मात्र वन्संच्या ग्रुपवर टाकाच, कॅप्शनशिवाय.